नमुना जागेवर

आमच्या मंडळात कडक म्हणावा असा एकच नियम होता, आणि तो मीच हट्टाने करून घेतला होता: नमुन्याशिवाय नोंद नाही. राईत एखादी वनस्पती नुसती पाहिली एवढ्यावर भागायचं नाही. ती मुळासकट काढायची, टीपकागदात दाबून वाळवायची, जाड कागदावर दोऱ्याने टाचायची, आणि मग विष्णुपंतांच्या मोठ्या वहीत तिचं नाव चढायचं. शिवाय प्रत्येकाने आपापला नमुना आणायचा. गंगाधर टपाल कचेरीत पत्रं लावायचा आणि आठवड्याला एक दुर्मिळ झाड पाहून यायचा. त्याच्या उत्साहाला वेसण म्हणून हा नियम. पुढे तो कुणाच्या गळ्याशी आला ते सांगते.

माची पेठेच्या डोक्यावर, अजिंक्यताऱ्याच्या उतारात, भैरोबाच्या घुमटीभोवती एक राई होती. साताऱ्याची वस्ती तिच्या पायथ्यापर्यंत आलेली, तरी आत शिरलं की गावातल्या टांग्यांचा आवाज थांबायचा. विष्णुपंत शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. दर रविवारी सकाळी त्यांच्यासकट आम्ही सात जण राईत जायचो. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, वय सव्वीस, आणि माझ्या बोलण्याला धार आहे असं घरचे म्हणत. राईचे आम्ही सात तुकडे पाडले होते. ज्याने त्याने आपल्या तुकड्यात कधी काय उगवलं, कधी फुललं, कधी वाळलं हे टिपायचं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. लोक विचारायचे, यातून मिळतं काय? विष्णुपंत म्हणायचे, रविवार मिळतो.

बेचाळीसच्या पावसाळ्यात जिल्ह्यात धरपकड सुरू होती. डोंगरात वह्या घेऊन हिंडणारी माणसं पोलिसांच्या डोळ्यांत न भरतील तर नवल. एकदा दोन शिपायांनी आमची वही चौकीवर नेली. तीन दिवसांनी परत दिली तेव्हा भारंगीच्या पानावर चहाचा डाग होता, बाकी सगळं जागच्या जागी. सरकारविरुद्ध त्यांना काही सापडलं नसावं.

त्याच श्रावणात आम्हाला खरपुडी सापडली. वीतभर उंचीचा नाजूक वेल, गवताला टेकून उभा, आणि त्याला हिरवट नळीचं फूल. नळी खाली फुगीर, वर पाच पाकळ्यांची टोकं एकत्र जुळलेली, अगदी छोटा कंदील. वहीत आम्ही लिहिलं, ‘एकूण झाडे आठ.’ विष्णुपंतांनी एक नमुना पुण्याच्या एका प्राध्यापकांकडे पाठवला. त्यांचं उत्तर आलं, की हा प्रकार आपण आजवर पाहिलेला नाही, फार जपा. ते पत्र विष्णुपंत महिनाभर खिशात घेऊन हिंडत होते.

पुढच्या श्रावणात एकही खरपुडी उगवली नाही. आम्ही आठही जागा गुडघ्यांवर बसून पाहिल्या. काही नाही. मग मला ती बाई आठवली. डोंगरापलीकडच्या वाडीतून एक म्हातारी राईत यायची, कमरेला खुरपं, डोक्यावर पाटी. रानभाजी आणि कंद गोळा करून बाजारात विकायची. धान्य रेशनवर मिळायचं ते दिवस. कंदाला गिऱ्हाईक होतं. तिला उकरताना मी स्वतः पाहिलं होतं. मला आणखी पुरावा लागला नाही. मी वहीत लिहिलं, ‘एक बाई कंद उकरते. उपद्रव.’ आणि भैरोबाच्या पंचांना दोन पानी अर्ज दिला. तो फार चांगला उतरला होता, मी तो मंडळात मोठ्याने वाचून दाखवला. पंचांनी राखणदाराला ताकीद दिली आणि त्या बाईचं राईत येणं बंद झालं.

चव्वेचाळीस साल उजाडलं ते कोळशाचं. पेट्रोल युद्धाला गेलेलं, बसगाड्या मागे कोळशाची शेगडी बांधून धुरकटत चालायच्या, आणि कोळशाला सोन्याचं मोल आलं होतं. एका ठेकेदाराने पंचांकडे राई मागितली. झाडं तोडायची, तिथेच भट्टी लावायची, बदल्यात घुमटीचं देऊळ बांधून द्यायचं. पंचांचे प्रमुख नानासो. लिंब गावाकडे त्यांची उसाची बागायत, अंग कसलेलं, आवाज मोठा. विष्णुपंत त्यांना भेटायला गेले तेव्हा मी बरोबर होते.

नानासोंनी पुण्याचं पत्र दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, “मास्तर, आमच्या डोंगरावर हाय आन् दुसरीकडं न्हाई, असं ह्यो पुण्याचा मानूस म्हनतोय?”

“त्यांनी दुसरीकडे पाहिलेलं नाही एवढं नक्की.”

“मंग मला दावा. गनपती बसायच्या आत त्ये फूल राईतच दावा, राई राखतो. पंचांना मी बगतो. न्हाई दावलं तर ठेकेदाराला व्हकार.”

“आमच्याकडे वाळवून ठेवलेलं आहे,” मी म्हटलं.

“वाळलेलं काय करू? वाळला चारा बैलालाबी नगं असतोय पावसाळ्यात.”

गणपतीला अकरा दिवस होते. आम्ही रोज पहाटे शाळा-कचेरीआधी राईत जाऊ लागलो. आठ जागा, आणि प्रत्येकाचा आपापला तुकडा. सात दिवस गेले. विष्णुपंतांना मोतीबिंदू झाला होता, ते गवत बोटांनी चाचपून पाहायचे. त्यांचं ते चाचपणं मला बघवेना.

आठव्या दिवशी, निदान वाळलेले सगळे नमुने नानासोंपुढे नीट मांडू, म्हणून मी सगळ्यांकडून खरपुडीचे कागद मागवून घेतले आणि आमच्या ओटीवर ओळीने पसरले. माझा, गंगाधरचा, विष्णुपंतांचा, बाकीच्यांचे. सात कागद. प्रत्येकावर फूल, पानं, आणि खाली चपटा झालेला कंद, व्यवस्थित टाचलेला. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख, एकाच आठवड्यातली. सात आमचे आणि एक पुण्याला गेलेला.

मी वही उघडली. ‘एकूण झाडे आठ.’

मी कागद पुन्हा मोजले. प्रत्येकाने फक्त एकच काढलं होतं. प्रत्येकाने नियम पाळला होता. पुढच्या रविवारी सातही जण आपापले कागद घेऊन आलो, एकमेकांच्या टाक्यांचं कौतुक केलं, आणि एकाच्याही डोक्यात बेरीज आली नाही. ज्या फुलासाठी ती वही होती ते आम्हीच वहीत घातलं होतं. आणि खापर फोडलं होतं एका म्हातारीच्या डोक्यावर, दोन पानं भरून, सुवाच्य अक्षरात. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

दुपारी मी वाडीवर गेले. विचारत विचारत घर सापडलं. साळूबाई असं तिचं नाव, हे मला त्या दिवशी कळलं. अंगणात बसून ती भाजी निवडत होती.

“साळूबाई, मी शरयू. गावात शाळेत शिकवते.”

“वळकते की. राखनदार माज्या मागं लावला त्यो तुमीच न्हवं?”

“हो. मीच.”

तिने मान वर केली नाही. “लेक तिकडं इटलीत लढतोय म्हनं, आन् हितं त्याच्या आईला भैरोबाच्या दारात मनाई. बरं. आता काय ऱ्हायलंय माजं, ज्ये न्यायला आलाय?”

मी काही न लपवता सगळं सांगितलं. खरपुडी, आठ झाडं, आठ कागद, ठेकेदार, नानासोंची मुदत. ती ऐकत होती. कागदांपर्यंत आले तेव्हा तिचे हात थांबले.

“म्हंजी त्ये आठ खड्डं तुमचं?”

“आमचे.”

“आगं बया.” ती आता माझ्याकडे पाहत होती. “गवरी-गनपती झाल्यावं गेले मी तवा. बगते तर खड्डंच खड्डं. डोक्यासकट न्हेलेलं. म्या म्हनलं, कोन आडानी शिरलं ह्या राईत? खायाची अक्कल न्हाई, ठेवायची न्हाई. चार दीस शिव्या घालत हुते म्या.”

“डोक्यासकट म्हणजे?”

तिने पाटीतला एक कंद उचलला, खुरप्याने त्याचा वरचा भाग उडवला, जिथून वेल निघतो तो. “ह्ये डोकं. कंद आपून खायाचा, डोकं परत मातीत दाबायचं आन् वर टाच द्याची. माज्या सासूनं शिकिवलं, तिला तिच्या सासूनं. न्हाईतर इतकी वरसं आमी उकरतोय, खरपुडी ऱ्हायली आसती व्हय?”

आठ झाडं होती ती हिच्यामुळे होती. दुर्मिळ वनस्पती म्हणून ज्यांची आम्ही नोंद केली ती या बाईच्या टाचेखालून उगवलेली होती.

“मंग मी वरच्या कड्यापास्नं धा-बारा डोकी आनली,” ती पुढे म्हणाली, “आन् राईत लावली. पर गवतात न्हाई. त्यो आडानी परत यील म्हनून करवंदीच्या जाळ्यांत लावली, काट्यांत.”

“कधी?”

“त्याच साली. पयल्या साली नुसती पानं येत्यात, दुसऱ्या सालापास्नं फूल. पर मंग मला मनाईच झाली. हायती का मेली, मला ठावं न्हाई.”

दोन वर्षं ती पानं करवंदीच्या जाळीत असतील, आणि आम्ही सात शहाणी माणसं त्या आठ जागांवर गुडघे टेकून ‘आढळले नाही’ लिहीत होतो. जाळीत हात घालायचं आम्हाला सुचलं नव्हतं. जाळ्या कुणाच्याच तुकड्यात नीट बसत नव्हत्या.

“चला माझ्याबरोबर,” मी म्हटलं. “राखणदार दुपारी झोपतो. मागच्या बाजूने जाऊ.”

साळूबाईने पाटी बाजूला सारली. “मी चोरावानी न्हाई यायची. ज्यानं बंद केलं त्येच्याकडं जावा, आन् सांगा, ह्या बाईची चूक न्हवती. मंग बोलवा. तवर मी ह्या वाडीतनं हालत न्हाई.”

उतरताना मी डोंगरभर तिच्यावर चिडत होते, आणि चिडताना मला कळत होतं की तिचंच बरोबर आहे. नानासोंना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही मागितलेलं फूल आम्हीच उपटून संपवलं, आणि जाळीत काही उरलं असेल तर देव जाणे. फूल नाही निघालं तर राई माझ्याच तोंडाने गेली. गप्प बसले तर निदान चार दिवस शोधण्याचं सोंग तरी करता येत होतं.

आधी विष्णुपंतांकडे गेले. त्यांच्यापुढे सात कागद ठेवले आणि बेरीज सांगितली. त्यांनी एकेका कागदावरून बोट फिरवलं. शेवटचा त्यांचा स्वतःचा होता, सगळ्यांत सुंदर टाचलेला.

“वही आणा,” ते म्हणाले. “त्रेचाळीसच्या पानावर ‘आढळले नाही’ आहे ना? त्याच्यापुढे लिहा, कारण: आम्ही उपटले. माझं नाव पहिलं लिहा.”

“नियम माझा होता, पंत.”

“पाळला सगळ्यांनी.” मग म्हणाले, “नानासोंकडे मीही येतो. तुम्ही एकट्या जाऊ नका.”

नानासो बैलांना पेंड घालत होते. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. माझा अर्ज खोटा होता हेही. त्यांनी पेंडीचं घमेलं खाली ठेवलं.

“म्हंजी समदी तुमीच खाल्ली?”

“खाल्ली नाहीत. कागदावर टाचली.”

“खाल्ली आसती तर समजलं आसतं. टाचून काय केलं?” आणि ते हसायला लागले. पोट धरून हसले. मग अचानक थांबले. “त्या साळूबाईला राईत शिरायला आडवलं ते मीच. तुमचं इंग्रजी वळनाचं अक्षर बगून. मला वाटलं, शिकल्याली बाई खोटं कशाला लिवंल?”

ते मला चांगलंच लागलं. लागायलाच हवं होतं.

“राखनदाराला सांगतो. पर मुदत तीच. गनपतीच्या आत, मास्तर. पंचांत मी एकटा न्हाई, बाकीच्यांस्नी देऊळ पायजे.”

नानासोंचं बोलावणं वाडीवर पोचलं, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी साळूबाई पुढच्या वाटेने, घुमटीसमोरून राईत शिरली. राखणदार बाजूला झाला. तिने भैरोबाला हात जोडले आणि सरळ करवंदीत घुसली. मी तिच्यामागे. पहिल्या जाळीत एक खड्डा होता, कडेला साळिंदराचे दोन काटे पडलेले. “ह्येनं न्हेली,” ती म्हणाली. दुसऱ्या जाळीत काही नव्हतं. तिसरीत होतं ते नुसतं गवत. माझं पातळ ठिकठिकाणी फाटलं, दंड ओरबाडले. चौथी आणि पाचवीही रिकामी. बाहेर विष्णुपंत आणि गंगाधर उभे होते.

सहाव्या जाळीत ती पोटावर झोपली, डोकं आत घातलं, आणि तशीच पडून राहिली. मला वाटलं, हिला भोवळ आली.

“बाई,” ती हळू म्हणाली, “या हिकडं. सावकाश या. फांदी हालवू नगा.”

मी तिच्या शेजारी पालथी झाले. करवंदीच्या बुंध्याला धरून एक वेल उभा होता. त्यावर दोन कळ्या आणि एक उमललेला कंदील. पलीकडे आणखी एक वेल, आणि त्याच्यापुढे तिसरा. मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायला जागाही नव्हती, माझा गाल चिखलात होता.

आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी माझा हात पुढे गेला. दोन वर्षांची सवय. साळूबाईने माझ्या मनगटावर फटका मारला, शाळेत मी मुलींना मारते त्याहून जोरात.

गंगाधर धावत जाऊन नानासोंना घेऊन आला. बरोबर पंचांपैकी आणखी दोघं होते. नानासोंनी जाळीकडे पाहिलं, स्वतःच्या देहाकडे पाहिलं.

“भायेर आना की.”

“बाहेर नाही येणार,” मी म्हटलं. “तुम्हीच आत या.”

“काट्यांत?”

“मास्तरीनबाई गेल्या,” साळूबाई म्हणाली. “तुमास्नी काय झालं? आन् हात लावायचा न्हाई, आदीच सांगते.”

नानासोंनी फेटा काढून गंगाधरच्या हातात दिला आणि आत शिरले. बराच वेळ नुसत्या फांद्या मोडल्याचा आणि धापा टाकल्याचा आवाज. मग सगळं शांत झालं. आतून त्यांचा आवाज आला तो नेहमीचा नव्हता, एखाद्या घरात कुणी झोपलेलं असावं तसा हळू. “मास्तर, ह्येच्यात उजेड शिरलाय वो. पार आतपतुर दिसतंय.”

ते बाहेर आले तेव्हा कपाळावर रक्ताचा ओरखडा होता. बाकीचे दोन पंच आत जायला तयार होईनात. नानासो त्यांना म्हणाले, “जावा. बगितल्याबिगर बोलायचं न्हाई कुनी.” मग तेही गेले, धोतरं सावरत. परत आल्यावर देवळाचा विषय कुणी काढला नाही. नानासोंनी तिथेच सांगून टाकलं की ठेकेदाराला निरोप धाडतो, राई द्यायची नाही. त्याला शोधू दे दुसरी राई, असंही म्हणाले, आणि ते मला तितकं आवडलं नाही. पण त्या दिवशी मी तोंड बंद ठेवलं.

सगळे गेल्यावर विष्णुपंतांनी घुमटीच्या पायरीवर वही उघडली. त्यांच्या डोळ्यांना जाळीतलं फूल दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी साळूबाईला विचारलं, कसं आहे ते सांगा, आणि ती सांगत गेली, नळी केवढी, ठिपके कुठे, कळी कधी फुटेल. ते काढत गेले. मग मी तारीख घातली, नाव घातलं. पुढचा रकाना ‘नमुना’. गंगाधर माझ्याकडे पाहत होता. मी लिहिलं: जागेवर.

त्याच्या पुढचा रकाना ‘पाहणारे’. मी साळूबाईचं नाव लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला. ती अंगठ्याची शाई पदराला पुसत वहीत डोकावली.

“ह्येच्यात माजं नाव ह्येच्याआदी कवा आलं हुतं का?”

नाही म्हणता आलं असतं. ती वाचू शकत नव्हती. मी त्रेचाळीसचं पान काढलं आणि वाचून दाखवलं, “एक बाई कंद उकरते. उपद्रव.”

“उपद्रव म्हंजी?”

“त्रास. नासधूस.”

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. “त्यो शबूद खोडा,” ती म्हणाली. “बाकीचं ऱ्हाऊ द्या. कंद तर मी उकरतेच. पर ‘एक बाई’ काय? एक बाई म्हंजी कुनीबी. तितं नाव घाला.”

मी ‘एक बाई’ खोडलं, ‘उपद्रव’ खोडलं. ती ओळ आजही वहीत आहे, शाई थोडी फुटलेली: साळूबाई कंद उकरते.

मग तिने कमरेचं खुरपं काढलं आणि माझ्या हातात दिलं. “चला वरच्या कड्याला. डोकं कसं मातीत दाबायचं ते शिका आदी. लिवायचं काय, त्ये मागनंबी हुतंय.”